तीस पौंड आणि अडीच टेक

परवा एका वकील मित्राशी माझं जोरदार वाजलं, आणि तेही कोणावरून, तर क्लेअर टोरी नावाच्या एका इंग्लिश बाईवरून, जिचं नाव टेबलावरच्या बाकी कोणी ऐकलंही नव्हतं. आवाज मात्र सगळ्यांनी ऐकलेला होता. पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडचा ‘डार्क साइड ऑफ द मून’ हा अल्बम ज्याने एकदा तरी सलग ऐकलाय त्याला पहिल्या बाजूच्या शेवटी येणारी ती बाई आठवतेच, एकही शब्द न उच्चारता गाणारी, मधेच किंचाळणारी आणि मग हळूहळू विझत जाणारी. वाद एवढाच, की तीस पौंड घेऊन गायलेल्या त्या गाण्याच्या, ‘द ग्रेट गिग इन द स्काय’च्या, रचनेवर तिचा हक्क होता की नाही. मित्राचं म्हणणं एका वाक्यातलं होतं: मजुरी घेतली ना, मग विषय संपला. माझं म्हणणं काही एका वाक्यात बसेना, म्हणून हे लांबण.

आधी नुसती हकीकत सांगतो. १९७२ च्या जानेवारीपासून पिंक फ्लॉइडवाले हा अख्खा अल्बम स्टेजवर वाजवत फिरत होते, रेकॉर्डिंग त्यानंतर सुरू झालं, लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत. विषय ठरलेला होता, माणसाला वेड लावणाऱ्या गोष्टी: पळणारा वेळ, पैसा, युद्ध, प्रवास, आणि मरण. यातल्या मरणाच्या जागेवर कीबोर्डवाल्या रिक राइटचा एक तुकडा होता. स्टेजवर तो ऑर्गनवर वाजायचा आणि त्यावर बायबलमधले उतारे वगैरे टेपवरून ऐकवले जायचे, नावही ‘मॉर्टॅलिटी सिक्वेन्स’ असं जरा सरकारी फाइलीसारखं. ते काही जमलं नाही. मग पियानो आला, पियानोवर नासाच्या अंतराळवीरांचे आवाज लावून बघितले, तेही जमलं नाही. अल्बम जवळजवळ झालेला आणि मरणाच्या जागी सुंदर पण बिनचेहऱ्याचा पियानो पडलेला, अशी परिस्थिती.

तेव्हा एखाद्या बाईचा आवाज घेऊन बघू असं ठरलं आणि इंजिनियर ॲलन पार्सन्सने क्लेअर टोरीचं नाव सुचवलं. वय २५, सेशन सिंगर, म्हणजे दुसऱ्यांच्या रेकॉर्डवर ठरलेल्या रेटने जाऊन गाऊन येणारी. शनिवारी बोलावलं तर म्हणाली जमणार नाही, तिच्याकडे चक बेरीच्या कार्यक्रमाचं तिकीट होतं (मला तर ती इथेच आवडून गेली). मग रविवार, २१ जानेवारी १९७३, संध्याकाळी सातची वेळ. गेल्यावर तिला सांगितलं काय, तर शब्द नाहीत, चाल नाही, विषय मरणाचा आहे, गा काहीतरी. तिने सुरुवातीला नेहमीच्या सवयीने ‘बेबी बेबी’ छापाचं काहीतरी लावलं तर म्हणे नको, शब्द अजिबात नकोत. मग तिने ठरवलं की आपण गायिका नाहीच, आपण एक वाद्य आहोत. एक टेक झाला, दुसरा त्याहून चांगला झाला, तिसरा अर्ध्यावर तिनेच थांबवला, म्हणाली आता मी तेच तेच गातेय. चेक घेतला, ३० पौंड. आणि आपण फार आरडाओरडा केला, हे काही वापरणार नाहीत, असं समजून घरी गेली. आपला आवाज वापरलाय हे तिला कळलं ते रेकॉर्डच्या दुकानात अल्बमवर स्वतःचं नाव दिसलं तेव्हा.

नाव होतं बरं का. गायिका म्हणून होतं. रचना मात्र एकट्या राइटच्या नावावर. ‘द ग्रेट गिग इन द स्काय’. आणि तो अल्बम मग अमेरिकेच्या बिलबोर्ड चार्टवर १९७३ ते १९८८ मिळून ७४१ आठवडे होता, जगभरात साडेचार कोटींवर खपला. म्हणजे चौदा वर्षांहून जास्त काळ कोणी ना कोणी अमेरिकेत दर आठवड्याला ही बाई विकत घेत होतं, आणि रचनेची रॉयल्टी म्हणून तिच्या घरी एक पेनी जात नव्हती.

२००४ मध्ये तिने बँडवर आणि ईएमआय या रेकॉर्ड कंपनीवर केस केली. २००५ मध्ये हायकोर्टात उभं राहायच्या आधीच समझोता झाला, आकडा गुप्त. पण त्यानंतर जे जे प्रिंट निघालं त्यावर संगीत रिचर्ड राइट आणि ‘व्होकल कॉम्पोझिशन’ क्लेअर टोरी असं छापलं जातं.

आता वकीलसाहेबांचा मुद्दा. मी तो उगाच हलका करून सांगणार नाही कारण तो हलका नाहीये. ३० पौंड ऐकून आपल्याला वाटतं की काय लुटलं बिचारीला, पण तसं नव्हतं. सेशनचा नेहमीचा रेट १५ होता, रविवार म्हणून डबल मिळाला. त्याच स्टुडिओत त्याच अल्बमवर महिनोन्महिने राबणाऱ्या ॲलन पार्सन्सचा पगार आठवड्याला ३५ पौंड होता. म्हणजे इंजिनियरच्या आठवड्याच्या पगाराच्या जवळपास जाणारे पैसे तिला एका संध्याकाळी मिळाले. शिवाय धोका तिने काहीच घेतला नव्हता. अल्बम आपटला असता तर तिने काय ३० पौंड परत दिले असते का, हा त्याचा आवडता प्रश्न, तो त्याने तीनदा विचारला.

मजुरी बरोबर होती, मी कधीच नाही म्हटलं नाही. माझा प्रश्न वेगळा आहे, मजुरी कशाची दिली? सेशनवाल्याला पैसे देतात ते त्याच्या वेळेचे आणि कसबाचे. समोर नोटेशन ठेवतात, तो ते वाजवतो, तू नसतास तर दुसरा आला असता. व्हायोलिनच्या आठ जणांच्या रांगेत चौथ्या खुर्चीवर बसलेला माणूस असा हिशेब मान्य करूनच बसतो आणि तो हिशेब न्याय्य आहे. पण टोरीसमोर कागदच नव्हता. जो कागद नव्हता तो तिने तिथे उभ्या उभ्या लिहिला. गाणं म्हणायचे पैसे दिले आणि गाणं लिहूनही घेतलं, एकाच बिलात. आपल्याकडे रंगाऱ्याला भिंत रंगवायला बोलावलं आणि त्याने स्वतःच्या डोक्याने त्यावर चित्र काढलं, मग घरमालकाने ते चित्र पोस्टर करून वीस वर्षं विकलं, तर रोजंदारी दिलेली होती हे उत्तर कितपत पटेल? भिंत मालकाचीच आहे, मान्य. चित्र?

इथे तो म्हणाला की हे सगळं भावनिक आहे, इम्प्रोव्हायझेशन, म्हणजे ऐनवेळी सुचेल ते गाणं, ही रचना नव्हे. आणि मला वाटतं खरं भांडण इथेच आहे, पैशाचं नाहीच.

आपल्या रेडिओने आपल्याला एक साचा शिकवलाय. गाणं लागायच्या आधी किंवा नंतर तीन नावं सांगायची, गीत अमुक, संगीत तमुक, स्वर अमक्यातमक्याचा. लहानपणापासून कानावर असल्यामुळे आपल्याला वाटतं की जगातलं प्रत्येक गाणं असंच तीन खोल्यांत विभागलेलं असतं. आता या गाण्याला बसवा त्या साच्यात. गीत नाहीच, एकही शब्द नाही (सुरुवातीला आणि मधे पुसटसे बोलणारे आवाज सोडून, त्यांच्याकडे येतो). संगीत राइट, स्वर टोरी. ठीक? मग मला सांगा, हे गाणं गुणगुणा म्हटलं तर तुम्ही काय गुणगुणाल? पियानोचे कॉर्ड गुणगुणता येत नाहीत. गुणगुणाल ते टोरीचंच.

गंमत म्हणजे हे आपल्याला कळायला काहीच जड जाऊ नये, आपण ख्याल ऐकणारी माणसं. बंदिश दोन ओळींची असते, कोणाची आहे ते आपण आदराने सांगतो, पण पुढची चाळीस मिनिटं जी बढत होते, ती आलापी, त्या ताना, ते एका गंधारावर जाऊन थांबणं, ते सगळं बंदिशकाराच्या नावावर कोणी खतवतं का? तिथे आपण बिनदिक्कत म्हणतो की काल बुवांनी यमन काय उभा केला. उभा करणं हा शब्दच बघा ना. साहित्य सगळ्यांचं, इमारत याची. पण तोच माणूस स्टुडिओत माइकसमोर जाऊन तासाच्या रेटवर आलाप करू लागला की अचानक त्याचं सगळं ‘स्वर’ या खोलीत कोंबलं जातं.

यावरही उत्तर असतं की मैफलीतलं हवेत विरतं, त्याचं काय घेऊन बसलात. पण टोरीचं विरलं नाही ना! हा माझ्या मते सगळ्यात पक्का पुरावा आहे आणि तो कोर्टात न जाता कोणालाही बघता येतो. १९७३ नंतर हे गाणं स्टेजवर ज्यांनी ज्यांनी गायलं त्यांनी काय गायलं? स्वतःला सुचेल ते? नाही. बँडच्या १९९४ च्या टूरमध्ये तीन गायिकांनी ते तीन भागांत वाटून घेतलं होतं, सॅम ब्राउन, मग दुर्गा मॅकब्रूम, मग क्लॉडिया फॉन्टेन, आणि तिघी थोडंफार स्वतःचं घालत असल्या तरी वाट टोरीचीच, चढ तिथेच, उतार तिथेच, आणि शेवटची ती थकलेली कुजबूज तिथेच. फक्त पिंक फ्लॉइडचीच गाणी वाजवणाऱ्या जगभरातल्या ट्रिब्यूट बँडमधल्या गायिका सूर न् सूर पाठ करतात. खुद्द टोरीला १९९० मध्ये नेबवर्थच्या कार्यक्रमात बँडने बोलावलं तेव्हा तिलाही, लोकांनी जे ऐकायला तिकीट काढलं होतं ते, म्हणजे स्वतःचीच सतरा वर्षांपूर्वीची ती संध्याकाळ गायची होती. जे पाठ करावं लागतं, तीन जणींत वाटता येतं, चुकलं तर पब्लिकला चुकलेलं कळतं, त्याला रचना नाही तर काय म्हणायचं.

आणि उलटा पुरावाही आहे. १९७२ च्या कार्यक्रमांची रेकॉर्डिंग आज ऐकायला मिळतात, त्यात हा तुकडा ऐका, ऑर्गन आणि उपदेश. बरा आहे. हा अल्बमवरचा तुकडा मात्र नाही.

राइटचं श्रेय कमी करायचा माझा अजिबात हेतू नाही, मला तर चौघांमध्ये तोच सगळ्यात आवडतो. तो पियानो नसता तर टोरी गायली असती कशावर? त्याने रचलेल्या कॉर्डमध्येच तो चढउतार दडलेला आहे, तिला तो सापडला. म्हणून मी म्हणतो दोघांचं. २००५ चा जो मजकूर छापला जातो, संगीत याचं, व्होकल कॉम्पोझिशन तिचं, तो मला वकिली तडजोडीतून आलेला असूनही भलताच अचूक वाटतो. साच्यात चौथी खोली काढली त्यांनी.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. मित्र म्हणाला, ठीक, मग रेषा कुठे मारायची? याच अल्बमवरच्या ‘मनी’मधला सॅक्सोफोन डिक पॅरीने वाजवला, तोही बाहेरून आलेला, त्याला द्या. ‘टाइम’च्या सुरुवातीला ती सगळी घड्याळं एकदम वाजतात ती पार्सन्सने जुन्या घड्याळांच्या दुकानात जाऊन रेकॉर्ड केली होती, त्याला द्या. आणि राइटनेच सांगितलंय की ‘ब्रीद’मधला एक कॉर्ड त्याने माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’वरून उचलला, मग माइल्सच्या वारसांनाही द्या की. असं करत गेलं तर रेकॉर्डवर गाणी कमी आणि भागीदार जास्त.

मुद्दा चांगला आहे पण तो रेषा नाही असं सिद्ध करत नाही, रेषा मारायला डोकं लागतं एवढंच सिद्ध करतो. कॉर्ड कोणाच्या मालकीचा नसतो, उद्या सा-ग-प वर कोणी हक्क सांगेल. घड्याळं ही अफलातून कल्पना, पण ती चाल नव्हे, पार्सन्सला इंजिनियर म्हणून नाव मिळालं आणि पुढे त्याचं करियर त्याच्यावर उभं राहिलं. पॅरीचा सोलो? तिथे मी अडखळतो, खरं सांगतो. पण ‘मनी’ मधून सॅक्स काढला तर गाणं लंगडं होईल, तरी गाणं उरतं, ती बेसची सात मात्रांची चाल उरते, शब्द उरतात. ‘ग्रेट गिग’ मधून टोरी काढली तर काय उरतं ते आपण ऑलरेडी ऐकलंय. ही काढून बघायची कसोटी काही परफेक्ट नाही, पण इंग्लंडमधल्या कोर्टांनी साधारण याच अंगाने जाऊन निकाल दिलेले आहेत, तेव्हा ती माझ्या मनची नाही.

दोन केस सांगतो. ब्लूबेल्स नावाच्या बँडच्या ‘यंग ॲट हार्ट’ गाण्यात बॉबी व्हॅलेंटिनो या सेशनवाल्याने व्हायोलिन वाजवलं, ७५ पौंड घेतले. १९९३ मध्ये एका कारच्या जाहिरातीमुळे ते गाणं पुन्हा निघालं आणि इंग्लंडात नंबर वन झालं. तो कोर्टात गेला आणि जिंकला, अपिलातही जिंकला, कारण ती व्हायोलिनची ओळ त्याने स्वतः रचलेली होती. दुसरी केस प्रोकोल हॅरम या बँडच्या ‘अ व्हाइटर शेड ऑफ पेल’ची, १९६७ चं गाणं. ते सगळ्यांना ज्याच्यामुळे आठवतं तो ऑर्गन मॅथ्यू फिशरचा, पण रचनेवर नावं दुसऱ्या दोघांची. फिशर तर सेशनवालाही नव्हता, बँडमधलाच होता. त्याने ३८ वर्षांनी दावा लावला. २००६ मध्ये जज म्हणाले ४० टक्के याचं, २००८ मध्ये अपील कोर्ट म्हणालं रचनाकार मान्य पण इतका उशीर केला म्हणून पैसे नाहीत, आणि २००९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वात वरच्या कोर्टाने, एकमताने सांगितलं की उशीर झाला म्हणून हक्क मरत नाही. मात्र मागच्या ३८ वर्षांचे पैसे नाही मिळाले, दावा लावल्यापासून पुढचे. मला हा तोडगा फार शहाणपणाचा वाटतो. गप्प बसलास त्या काळाचं गेलं. जे तुझं होतं ते तुझंच.

टोरीने एकतीस वर्षांनी केस केली म्हणून तिला नावं ठेवणारे बरेच आहेत, म्हातारपणी पैसे आठवले वगैरे. अरे, पण पंचविशीतली सेशन सिंगर, जिला उद्याचं काम याच स्टुडिओच्या याच माणसांकडून मिळायचं, ती १९७३ मध्ये ईएमआयवर केस करेल? ज्याच्या ताटात जेवायचं त्याच्याशी भांडायला पोट आधी भरलेलं लागतं. हक्क सांगायला उशीर होतो याचं कारण बऱ्याचदा हेच असतं आणि ते सगळ्यांना माहीत असतं.

आता ज्या गोष्टीमुळे मी या विषयावर ठाम झालो ती सांगतो. याच अल्बमचा पहिला ट्रॅक ‘स्पीक टू मी’, मिनिटभराचा, हृदयाचे ठोके, घड्याळं, दुकानातल्या कॅश रजिस्टरचा खणखणाट, हसणं, पुढच्या गाण्यांचे तुकडे एकत्र केलेला. तो रचना म्हणून एकट्या ड्रमर निक मेसनच्या नावावर आहे. बँडचा बेसवाला आणि गीतकार रॉजर वॉटर्सने नंतर सांगितलंय की ते क्रेडिट त्याने मेसनला भेट म्हणून दिलं होतं, आणि पुढे भांडणं झाल्यावर त्याला त्याचा पश्चात्तापही झाला. म्हणजे बघा, एकाच रेकॉर्डवर, एकाच बाजूला, सुरुवातीला एक क्रेडिट आहे जे दोस्तीत दिलंय आणि शेवटी एक क्रेडिट आहे जे कमावूनही दिलं नाही. मग रेषा मारणं अवघड असतं, कलेची विभागणी करता येत नाही, ही सगळी तात्त्विक अडचण बाहेरच्यासाठीच का येते? घरातल्याला द्यायचं तर एका मिनिटात सुटली की. यात कोणी फार दुष्ट होतं असं मी म्हणत नाही, त्या वेळी कोणाच्या डोक्यातही आलं नसेल. सेशनवाला या शब्दातच ते होतं. आला, गायला, गेला.

आणि नियतीची खोड अशी की ज्याच्या एकट्याच्या नावावर हे गाणं होतं तो रिक राइटच पुढे आपल्याच बँडमध्ये पगारी झाला. ‘द वॉल’ या अल्बमच्या वेळी वॉटर्सने त्याला काढलं आणि १९८०-८१ च्या कार्यक्रमांत तो मजुरीवर वाजवायला आला, स्वतःच उभ्या केलेल्या बँडमध्ये. इथे माझा मित्र जिंकतो, हे प्रामाणिकपणे लिहायला पाहिजे, कारण ते कार्यक्रम एवढे खर्चिक होते की बाकी तिघं तोट्यात गेले आणि पगार घेणारा राइट तेवढा फायद्यात राहिला. धोका ज्याचा नफा त्याचा आणि तोटाही त्याचा, हे तत्त्व तिथे अगदी चोख लागू पडलं. पण हेही बघा की पगारी असताना राइट स्टेजवर जी जुनी गाणी वाजवायचा त्यांची रचना त्याच्या नावावरून कोणी काढून घेतली नव्हती. पगारी होणं वेगळं आणि रचनाकार असणं वेगळं, एकाच माणसात दोन्ही असू शकतं, हे राइटच्या बाबतीत सगळ्यांना बरोबर समजलं.

श्रेयाचं भांडण तिथे अजून संपलेलं नाहीच. २०२३ मध्ये वॉटर्सने अख्खा अल्बम पुन्हा स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड केला, बाकीच्यांना न घेता, आणि त्या सुमारास डार्क साइड मुळात मीच लिहिला असंही सांगून टाकलं. शब्द सगळे त्याचे आहेत हे खरंच आहे. त्याच्या त्या नव्या अल्बममध्ये या गाण्याच्या जागी टोरीचा आलाप नाही, तो स्वतः एका मित्राच्या मरणाबद्दल बोलतो. ऐकण्यासारखं आहे, जड आहे, पण ऐकताना आपल्या डोक्यात मागे कोण गात असतं हे सांगायला नको. पन्नास वर्षांनी स्वतः वॉटर्सला ती काढून बघायची कसोटी लावावीशी वाटली म्हणायची.

आपल्याकडे या भांडणाला वेगळी कोर्टं लागली पण मूळ तेच. मुंबईच्या फिल्मी स्टुडिओंत अँथनी गोन्साल्विस, सबॅस्टियन डिसूझा यांच्यासारख्या गोव्याहून आलेल्या अरेंजर मंडळींनी गाण्यामधले जे वाद्यांचे तुकडे, इंटरल्यूड, बांधली ती आपण गाण्याचाच भाग म्हणून तोंडाने वाजवतो, अंताक्षरीत लोक मुखड्याआधी म्युझिकचा पीससुद्धा म्हणतात, आणि रेकॉर्डवर मात्र कित्येक वर्षं त्यांचं नाव शोधून सापडायचं नाही. १९७७ मध्ये सुप्रीम कोर्टाने निर्मात्याने पैसे देऊन करून घेतलेल्या संगीताचा मालक साधारणपणे निर्माता, असंच सांगितलं होतं. ते बदललं २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने, गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला हिस्सा त्यांनी सही करूनही देऊन टाकता येणार नाही असा केला, गायक-वादकांनाही हक्क दिले. चांगलंच झालं. पण खोल्या तिथेही त्याच आहेत, रचणारा एका खोलीत, सादर करणारा दुसऱ्या. सादर करता करता रचणाऱ्याने कुठल्या दारावर टकटक करायची? युरोपातही २०११ मध्ये रेकॉर्डिंगवरच्या हक्काची मुदत ५० ची ७० वर्षं केली आणि त्या वाढीव वर्षांच्या कमाईतले २० टक्के सेशनवाल्यांच्या फंडात टाकायचं ठरवलं, इंग्लंडने ते २०१३ मध्ये लागू केलं. म्हणजे पहिली ५० वर्षं जाऊ द्यायची आणि मग वाट्याला येणार. पंचविशीत गायलेल्याला पंच्याहत्तरीत. देव करो आणि तब्येत चांगली असो.

माझं म्हणणं असं आहे की गृहीत काय धरायचं तेच उलटं करा. आज कागदावर काही लिहिलेलं नसेल तर सगळं ज्याने स्टुडिओ बुक केला त्याचं, आणि बाहेरच्याने तीस-चाळीस वर्षांनी वकील लावून सिद्ध करायचं की मी रचलं होतं, तोपर्यंत साक्षीदार गेलेले, टेप कोणाकडे तर बँडकडे. त्याऐवजी असं असावं की कोणाला चाल न देता गायला किंवा वाजवायला सांगितलं, आणि त्याने जे केलं ते जसंच्या तसं ठेवलं, तर वाटा आहेच असं धरायचं. ज्याला तो द्यायचा नसेल त्याने आधी तोंडावर सांगून लिहून घ्यावं, की बाई तुम्ही इथे जे काही रचाल ते आमचं, त्याचे वेगळे एवढे पैसे. मान्य असेल तर ती गाईल, नसेल तर चक बेरीला जाईल. वाटा किती यावर भांडा हवं तर, १० टक्के म्हणा, ४० म्हणा. मित्र म्हणाला असं केलंस तर स्टुडिओवाले बाहेरच्याला मोकळं सोडणारच नाहीत, हातात नोटेशन देऊन म्हणतील एवढंच वाजव. वाजवू देत की! मग त्यांना नोटेशनपुरतंच मिळेल, ऑर्गन आणि उपदेश मिळेल. मोकळं सोडल्यावर जे मिळतं त्याची किंमत आहे हे त्यांनाच पक्कं माहीत आहे, नाहीतर सोडलं कशाला असतं.

टोरीची केस समझोत्यात मिटली याचं मला म्हणूनच थोडं वाईट वाटतं. तिच्यासाठी बरंच झालं, कोर्टाच्या पायऱ्या वाचल्या, पण निकाल आला असता तर पुढच्या कोणाला तरी बोट ठेवून दाखवता आलं असतं. आता फक्त कव्हरवरची एक ओळ आहे.

उठता उठता मित्राने शेवटचा बॉल टाकला आणि तो माझ्या अजून डोक्यात आहे. त्याच गाण्याच्या सुरुवातीला एक म्हातारा माणूस बोलतो, मला मरायची भीती वाटत नाही, कधी का येईना. तो ॲबी रोड स्टुडिओचा आयरिश दारवान, जेरी ओ’ड्रिस्कॉल. वॉटर्सने कार्डांवर प्रश्न लिहून दिसेल त्याला विचारले होते, विनोदी व्हायचा फार प्रयत्न करणाऱ्या बीटल्सवाल्या पॉल मॅकार्टनीचं बोलणं कामाचं नाही म्हणून टाकून दिलं आणि या दारवानाचं ठेवलं. अल्बम संपताना हृदयाच्या ठोक्यांवर शेवटचा माणसाचा आवाज येतो तोही त्याचाच, की चंद्राची काळी बाजू वगैरे काही नसते, खरं तर सगळाच काळा आहे. मित्र म्हणाला, ते वाक्य काढून बघ तुझ्या कसोटीने, काय उरतं? मी म्हटलं ती चाल नाहीये, तो प्रश्नाला उत्तर देत होता. तो म्हणाला, बरं, टोरीला तरी काय केलं होतं, विषय देऊन बोल म्हणाले होते ना?

बिल त्यानेच भरलं. मी घरी येऊन दुसरी बाजू पुन्हा लावली.